चहातला चाबूक आणि लगाम

“दमलात? बसा, घोटभर चहा घ्या, म्हणजे जरा तरतरी येईल!”

हे वाक्य ज्याने आयुष्यात कधी ऐकले नाही, असा मराठी माणूस शोधूनही सापडावयाचा नाही. पाहुणा उन्हातून येवो की पावसातून, आधण आधी चहाचे पडते आणि ख्यालीखुशाली मागाहून विचारली जाते. कचेरीतले टेबल, कारखान्याचे फाटक, एस.टी.चा थांबा, कोर्टाचे आवार, पुण्यातले अमृततुल्य, मुंबईतली कटिंगची टपरी – जिथे जिथे माणूस कामाला जुंपलेला आहे, तिथे तिथे चहा त्याच्या सेवेला हजर आहे.

आता कॉफी घ्या. तीही जाग आणते, तीही मरगळ घालवते. पण दोन्ही पेये मनापासून पिणाऱ्या एखाद्या रसिकाला विचारून पाहा. तो म्हणेल, ‘छे, छे! कॉफीने येणारी जाग वेगळी आणि चहाने येणारी वेगळी.’ कॉफी म्हणे एकदम दंड धरून उठवते; जास्त झाली तर छातीत धडधडते, बोटे थरथरतात. चहा मात्र हलकेच हाक मारून उठवतो. हा केवळ जिभेचा आणि सवयीचा खेळ आहे, की त्यामागे काही रासायनिक कारण आहे?

कारण आहे, निदान काही अंशी तरी आहे. कॉफीत जे कॅफीन असते ते चहातही असते. पण चहाच्या पानात त्याच्या जोडीला आणखी एक द्रव्य असते. त्याचे नाव एल-थिअनीन. कॉफीत ते नसते. कॅफीन हा चाबूक म्हटला, तर थिअनीनला लगाम म्हणता येईल. ही जोडी मनाची एकाग्रता वाढवते असे अलीकडे सर्वत्र बोलले जाते, आणि दोन्ही द्रव्ये एकत्र भरलेल्या कॅप्सूलच्या बाटल्याही बाजारात आल्या आहेत. परीक्षेच्या काळजीने ग्रासलेली मुले त्या घेऊ लागली आहेत. तेव्हा यातले खरे किती आणि दुकानदारी किती, हे पाहून घेणे बरे.

महाकवी, मांजर आणि कॉफीच्या बिया

जर्मनीतील येना शहर. साल १८१९. पंचविशीतला एक तरुण रसायनज्ञ बरोबर एक मांजर घेऊन एका थोर माणसाच्या भेटीला निघाला होता. तरुणाचे नाव फ्रीडलीब फर्डिनांड रुंगे, आणि ज्याच्या भेटीला जावयाचे तो साक्षात महाकवी गटे! कालिदासाच्या ‘शाकुंतला’ची मुक्तकंठाने स्तुती करणारा म्हणून आपल्याकडच्या संस्कृतप्रेमी मंडळींना गटे परिचित आहे. पण या कवीला निसर्गविज्ञानाचाही तितकाच नाद होता.

बेलाडोना या विषारी वनस्पतीचा अर्क डोळ्यात घातला की डोळ्याची बाहुली विस्फारते, हे रुंगे प्रयोगाने दाखवीत असे. त्यासाठीच ते मांजर होते. एक बाहुली मोठी आणि एक लहान असे ते मांजर पाहून गटे बेहद्द खूश झाला. निरोप देताना त्याने रुंगेच्या हाती कॉफीच्या बियांची डबी ठेवली आणि आता यांचेही पृथक्करण करून पाहावे, असे सुचविले. रुंगेने ती सूचना मनावर घेतली. लवकरच त्या बियांतून त्याने कडू चवीचे पांढरे स्फटिक वेगळे केले. तेच कॅफीन. कवीने दिलेल्या भेटीतून रसायनशास्त्राला मिळालेला हा प्रसाद!

पुढे १८२७ साली चहाच्या पानातूनही असेच एक द्रव्य निघाले. त्याला ‘थीन’ असे स्वतंत्र नाव देण्यात आले. पण १८३८ साली असे सिद्ध झाले, की चहातले थीन आणि कॉफीतले कॅफीन ही दोन नसून एकच आहेत. एवढेच नव्हे, तर वजनाला वजन लावून पाहिले तर चहाच्या सुक्या पानात कॅफीन कॉफीच्या बियांपेक्षा बहुधा जास्तच भरते! मात्र एका कपाला चहाची पूड थोडी लागते आणि कॉफीची बरीच; म्हणून कॉफीच्या कपात साधारण ८० ते १०० मिलिग्रॅम कॅफीन उतरते, तर चहाच्या कपात ३० ते ५०. हे आकडे ध्यानात ठेवावेत. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

न फिरणारी किल्ली

कॅफीन झोप कशी उडवते? शक्ती देते म्हणून? मुळीच नाही. कॅफीनमध्ये शक्ती नाही, पोषण नाही, काही नाही. त्याची करामत निराळीच आहे.

आपण जागे असतो तोवर मेंदूचे काम अखंड चालू असते. चूल पेटती राहिली की राख साठावी, त्याप्रमाणे या कामात इंधन खर्च होताना ॲडेनोसीन नावाचे द्रव्य मेंदूत साठत जाते. मेंदूतील पेशींवर या द्रव्यासाठी खास कुलपे असतात असे समजा. ॲडेनोसीनची किल्ली त्या कुलपात शिरून फिरली, की पेशींचे काम मंदावते. डोळे जड होतात, जांभया येतात, पुस्तकातली ओळ दोनदा वाचूनही समजत नाही. ‘आता पुरे, झोपा’ अशी ती मेंदूची वर्दी असते.

कॅफीनची घडण थोडीफार या ॲडेनोसीनसारखी असते. त्यामुळे ही परकी किल्ली त्याच कुलपात जाऊन बसते, पण फिरत नाही! ती बसून राहिल्याने खऱ्या किल्लीला जागा मिळत नाही आणि वर्दी पोहोचत नाही. आपल्याला वाटते, थकवा गेला. वस्तुतः थकवा आहे तिथेच असतो. त्याची खबर आणणारा शिपाई तेवढा दाराबाहेर अडवलेला असतो. कॅफीन ओसरले की तो शिपाई आत शिरतो, आणि मधल्या काळात साठलेल्या सगळ्या निरोपांसह शिरतो. रात्रभर चहावर जागलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी एकाएकी का कोसळल्यासारखे होते, याचे उत्तर यात आहे.

पोटात गेल्यापासून अर्ध्या-पाऊण तासात कॅफीनचा अंमल जोरात येतो. उतरतो मात्र सावकाश. घेतलेल्या मात्रेपैकी निम्मे कॅफीन शरीरातून जाण्यास सामान्य माणसाला सुमारे पाच तास लागतात. धूम्रपान करणाऱ्यांत ते लवकर निघून जाते. गरोदर स्त्रियांत फारच रेंगाळते. शिवाय ज्याच्या त्याच्या यकृताची तऱ्हा वेगळी. म्हणूनच एक गृहस्थ रात्री दहाला कॉफी पिऊन घोरू लागतो, तर दुसऱ्याला चार वाजताचा चहासुद्धा बाधतो. दोघेही खरेच बोलत असतात.

सावलीत वाढलेले पान

आता लगामाची कथा. तिच्यासाठी जपानात जावे लागेल.

चहा आणि जपान यांचे नाते जुने. एइसाई नावाचा बौद्ध भिक्षू ११९१ साली चीनमधून परतला तेव्हा त्याने चहाचे बी बरोबर आणले, आणि १२११ साली चहाच्या आरोग्यदायी गुणांवर एक ग्रंथही लिहिला. हा भिक्षू झेन पंथाचा. ‘झेन’ हा शब्द म्हणजे आपल्या ‘ध्यान’ शब्दाचेच चीनमार्गे झालेले रूपांतर! ध्यानाला बसणाऱ्याची अडचण मोठी नाजूक असते. मन शांत करू जावे तर झोप येते, आणि झोप घालवू जावे तर मन उड्या मारू लागते. भिक्षूंना हवी होती ती जाग, पण शांत जाग. ती त्यांना चहात सापडली. भारतातून चीनला गेलेल्या बोधिधर्माने ध्यानात डुलकी लागली म्हणून संतापून स्वतःच्या पापण्या कापून टाकल्या आणि त्या पडल्या तिथे चहाचे झुडूप उगवले, अशी दंतकथा जपानात सांगतात. दंतकथेला पुरावा मागावयाचा नसतो. पण जागरणाचा आणि चहाचा संबंध लोकांच्या मनात किती खोल रुजला होता, हे तिच्यावरून दिसते.

जपानात ‘ग्योकुरो’ नावाचा एक उंची हिरवा चहा होतो. पाने खुडण्यापूर्वी सुमारे तीन आठवडे मळ्यावर आच्छादन घालून झुडपांना सावलीत ठेवतात. असा चहा कमी तुरट आणि एक प्रकारच्या दाट, गोडसर चवीचा लागतो. ही चव येते कुठून? १९४९ साली याजिरो साकातो या जपानी संशोधकाने ग्योकुरोच्या पानातून एक अमिनो आम्ल वेगळे केले. तेच थिअनीन. आपल्या शरीरातली प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांत याचा समावेश नाही. चहाच्या कुळाबाहेर ते फार क्वचित आढळते. एका रानटी अळंबीत ते सापडले आहे. चहाच्या सुक्या पानात मात्र ते साधारणतः शेकडा एक ते दोन या प्रमाणात असते.

झुडूप हे द्रव्य आपल्या मुळांत तयार करते आणि वर पानांकडे पाठवते. पानांवर ऊन पडले की त्यापासून तुरट द्रव्ये बनू लागतात. ऊन अडवले की हा बदल मंदावतो आणि थिअनीन पानात शिल्लक राहते. सावलीतल्या चहाच्या गोडीचे रहस्य ते हे. जपान सरकारने १९६४ साली खाद्यपदार्थांत थिअनीन वापरण्यास परवानगी दिली.

अर्थात चहाच्या झुडपाने ही दोन द्रव्ये माणसाच्या अभ्यासाची सोय व्हावी म्हणून बनवलेली नाहीत. कडू कॅफीन त्याला किडीपासून वाचवते. थिअनीन हा त्याचा नायट्रोजनाचा साठा आहे. चाबूक आणि लगाम दोन्ही एकाच पानात असणे, हा आपल्या नशिबाचा योग!

थिअनीनची घडण ग्लूटामेट या द्रव्याशी मिळतीजुळती आहे, आणि मेंदूत ग्लूटामेटचे काम पेशींना चेतवण्याचे. थिअनीन रक्तातून मेंदूत शिरू शकते, आणि त्या चेतवणीच्या कुलपांवर त्याचा हलकासा परिणाम होतो. जपानी संशोधकांनी १९९० नंतरच्या दशकात काही माणसांना ५० ते २०० मिलिग्रॅम थिअनीन देऊन त्यांच्या मेंदूतील विद्युतलहरी टिपल्या. सुमारे ४० मिनिटांत ‘अल्फा’ जातीच्या लहरी वाढलेल्या दिसल्या. माणूस जागा पण निवांत असतो, तेव्हा या लहरी ठळक उमटतात. गुंगी नाही, पेंग नाही. फक्त मनाचा ताण सैल. भिक्षूंना हवे होते ते हेच नव्हे काय?

प्रयोगशाळेतली परीक्षा

मग चाबूक आणि लगाम एकत्र वापरले तर? हा प्रश्न प्रयोगशाळेत आला तो एकविसाव्या शतकात.

२००८ साली इंग्लंडमध्ये झालेला एक प्रयोग पाहू. २७ माणसांना वेगवेगळ्या दिवशी कधी ५० मिलिग्रॅम कॅफीन, कधी त्याबरोबर १०० मिलिग्रॅम थिअनीन, तर कधी नुसतेच निरुपद्रवी पेय देण्यात आले. कोणत्या दिवशी काय दिले हे घेणाऱ्यालाही ठाऊक नसे आणि परीक्षा घेणाऱ्यालाही नसे. मग त्यांची कसोटी लागली. एका नियमावरून दुसऱ्या नियमावर मन झटकन वळवणे, मधेच लक्ष विचलित करणारी माहिती आली तरी मूळ गोष्ट स्मरणात ठेवणे, असे तिचे स्वरूप. जोडीने घेतलेल्या मात्रेनंतर तासाभराने माणसे मन वळवण्याच्या कसोटीत अधिक वेगाने आणि अधिक अचूक उत्तरे देत होती. लक्ष उडवणाऱ्या गोष्टींना ती बळीही कमी पडत होती.

२०१० साली ४४ तरुणांवर असाच एक प्रयोग झाला. त्यात ४० मिलिग्रॅम कॅफीन आणि ९७ मिलिग्रॅम थिअनीन होते. त्यातही अचूकता वाढली, आणि थकवा कमी वाटतो असे तरुणांनी सांगितले. पुढे २०१४ साली अशा अकरा प्रयोगांचा एकत्रित ताळेबंद मांडण्यात आला. निष्कर्ष असा, की या जोडीचा गुण खरोखरच दिसतो. पण तो बेताचा असतो, आणि मुख्यतः पहिल्या दोन तासांत दिसतो.

इथवर वाचून कोणी बाटली आणावयास धावू नये. नाण्याची दुसरी बाजूही पाहावी. ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी २००८ सालीच ४८ जणांवर एक प्रयोग केला. २५० मिलिग्रॅम कॅफीनने चढलेला रक्तदाब २०० मिलिग्रॅम थिअनीनने रोखला, हे खरे. पण कॅफीनमुळे होणारी थरथर काही कमी झाली नाही! म्हणजे ‘थिअनीन घ्या आणि कॉफी हवी तितकी ढोसा’ या जाहिरातवाक्याला आधार नाही. लगाम आहे, पण तो उधळलेल्या घोड्याला आवरील असा भरवसा नाही.

शिवाय हे सारे प्रयोग लहान. माणसे वीस, तीस, फार तर पन्नास. आणि बहुतेक तरुण व धडधाकट. काही प्रयोगांना चहाच्या व्यापाऱ्यांचेच पाठबळ होते. म्हणूनच युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०११ साली, थिअनीनने बुद्धी तल्लख होते हा दावा सिद्ध झालेला नाही, असा निकाल दिला. पुढे २०१८ साली काळ्या चहाने लक्ष सुधारते हे त्याच प्राधिकरणाने मान्य केले. मात्र त्याचा उलगडा चहातल्या कॅफीननेच होतो, असेही बजावले. काळा चहा म्हणजे आपला नेहमीचा, आंबवून वाळवलेल्या पानांचा चहा.

कपातला हिशेब

आता आपल्या स्वयंपाकघरात येऊ. प्रयोगात वापरली तेवढी मात्रा आपल्या कपात असते काय?

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत २०० मिलिलिटर काळ्या चहात सरासरी २४ मिलिग्रॅम थिअनीन भरले. हिरव्या चहात त्या मोजणीत अवघे ८! हिरवा चहा म्हणजे थिअनीनचा खजिना, ही समजूत सरसकट खरी नाही. सावलीतल्या ग्योकुरोची गोष्ट वेगळी आणि बाजारातल्या साध्या पुडीची वेगळी. किंचित दूध-साखर घातल्याने फरक पडला नाही. दूध पुष्कळ घातले तेव्हा मात्र थिअनीन कमी मोजले गेले. आणि सर्वांत मोठा फरक कशाने पडला? चहा किती वेळ पाण्यात राहिला त्याने.

या बाबतीत आपला उकळलेला चहा मागे पडू नये. आपण पूड पाण्यात भिजत ठेवीत नाही, चांगली खळखळ उकळतो. त्यातून आपली पूडही बहुधा सी.टी.सी. पद्धतीची, म्हणजे पाने चिरडून, फाडून, वळवून केलेल्या बारीक दाण्यांची. ही पद्धत १९३० च्या सुमारास आसामातील एका मळ्यावर विल्यम मॅकर्चर याने काढली. बारीक दाण्यातून अर्क लवकर उतरतो. पण ध्यानात घ्या, उकळल्याने थिअनीन उतरते तसे कॅफीन आणि तुरटपणाही उतरतो. जपानी मंडळी ग्योकुरोसाठी कोमट म्हणावे इतपतच गरम पाणी वापरतात, ते याच कारणासाठी. तेवढ्या उष्णतेला गोड अमिनो आम्ले उतरतात, आणि कडू-तुरट द्रव्ये बरीचशी पानातच राहतात.

आता बेरीज-वजाबाकी करू. प्रयोगात कॅफीनच्या दुप्पट थिअनीन होते. आपल्या कपात नेमके उलट, थिअनीनच्या सुमारे दुप्पट कॅफीन! १०० मिलिग्रॅम थिअनीन चहातूनच मिळवावयाचे म्हटले तर मोठे चार कप एका बैठकीत प्यावे लागतील, आणि त्यांबरोबर १५० ते २०० मिलिग्रॅम कॅफीनही पोटात जाईल. कटिंगवाल्याला तर सात-आठ ग्लास रिचवावे लागतील. म्हणजे चहात लगाम आहे खरा, पण तो बारीक सुतळीचा. चहाची जाग सौम्य वाटते याचे मोठे श्रेय थिअनीनपेक्षाही कॅफीनच्या लहान मात्रेला आणि सावकाश, घोट घोट पिण्याच्या रीतीला द्यावे लागेल.

ही उणीव भरून काढण्यासाठी बाटलीतली कॅप्सूल पुढे केली जाते. इथे धोक्याची घंटा वाजवणे अवश्य आहे. निरोगी प्रौढ माणसाला दिवसाकाठी ४०० मिलिग्रॅमपर्यंत आणि एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालते, असे युरोपच्या त्याच प्राधिकरणाने २०१५ साली म्हटले आहे. गरोदर स्त्रीला दिवसभरात २०० च्या आत. चहा पिताना ही मर्यादा सहसा ओलांडली जात नाही, कारण पोटच नको म्हणते. कॅप्सूलला ना चव, ना पोट भरणे. दोनच्या जागी चार सहज गिळल्या जातात. वर चहा-कॉफी आणि डब्यातली उत्तेजक पेये चालूच! शुद्ध कॅफीनची भुकटी तर त्याहून भयंकर. तिचा एक चहाचा चमचा म्हणजे सुमारे २८ कप कॉफी, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दिला आहे. २०१४ साली अशा भुकटीने तिथे दोन तरुणांचे प्राण घेतले. ज्या पदार्थात चमचाभर चुकीला माफी नाही, तो पदार्थ अभ्यासाच्या टेबलावर असता कामा नये.

रात्र उसनी घेणारे

आणि या सगळ्यात खरा प्रश्न टेबलावर बसलेल्या त्या मुलाचा आहे.

पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिका रात्री उशिरा पाहाव्यात. गावाकडून आलेली शेकडो मुले-मुली स्पर्धा परीक्षेची पुस्तके पुढ्यात घेऊन बसलेली असतात. जागा थोड्या, उमेदवार अफाट. घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन धाडलेले पैसे महिन्याच्या अखेरीस संपत आलेले. अशा मुलाला कोणी म्हटले, की ही गोळी घे, चार तास जास्त बसशील आणि लक्ष हलणार नाही, तर त्याला मोह का पडू नये? त्याला हसणे सोपे आहे. त्याला खरा हिशेब सांगणे जास्त गरजेचे.

तो हिशेब असा. रात्री दहाला १०० मिलिग्रॅम कॅफीन घेतले, तर पहाटे तीनला त्यातले ५० आणि सकाळी आठला २५ मिलिग्रॅम शरीरात शिल्लक असते. म्हणजे मुलगा एक वाजता आडवा झाला तरी तो शिपाई दाराबाहेर अडलेलाच. झोप लागली तरी ती उथळ. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झोपण्यापूर्वी सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिले, तरीदेखील माणसांची झोप एक तासाहून अधिक कमी झाली. आणि झोप म्हणजे वाया गेलेला वेळ नव्हे. दिवसा वाचलेले पक्के होते ते झोपेतच. झोपेवर डल्ला मारून केलेला अभ्यास म्हणजे एका खिशातले पैसे काढून दुसऱ्या फाटक्या खिशात टाकणे.

दुसऱ्या दिवशी डोके जड, म्हणून सकाळी पुन्हा कॅफीन. काही आठवड्यांत शरीराला त्याची सवय होते. मग एक दिवस ते मिळाले नाही की कपाळ ठणकू लागते. काही संशोधक तर म्हणतात, की रोजच्या चहाबाजाला सकाळच्या चहाने येणारी तरतरी ही पुष्कळशी कालच्या चहाची उतरण भरून निघण्याचीच असते. जुने कर्ज फेडण्यासाठी नवे कर्ज! सावकारी पाशाचा अनुभव ज्या घरांनी घेतला आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगण्याची जरूर नाही.

मग चहा सोडावा काय? असे कोण म्हणेल! या जोडीचे जे माप प्रयोगांतून हाती आले आहे, त्या मापाने ती वापरावी. ते माप आहे दोन तासांचे. तेव्हा सर्वांत अवघड विषय सकाळी किंवा दुपारी जेवणानंतर थोड्या वेळाने काढावा, त्याच्या अर्धा तास आधी कपभर चहा घ्यावा, आणि त्या दोन तासांत दुसरे काही करू नये. मोबाईल परक्या खोलीत ठेवावा. समोर तो वाजत असताना कोणतेच द्रव्य एकाग्रता देऊ शकणार नाही. चार-पाच वाजल्यानंतर कॅफीन बंद करावे. परीक्षेच्या दिवशी नवीन काही तर मुळीच घेऊ नये; कोणाचे शरीर कशाला कसा जबाब देईल, हे प्रश्नपत्रिका हाती पडल्यावर शोधावयाचे नसते. रक्तदाबाचा, हृदयाचा किंवा मनाच्या अस्वस्थतेचा विकार असेल, किंवा रोजचे औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून कॅप्सूलच्या वाटेस जाऊ नये. शाळकरी मुलांना तर ती देऊच नये.

चाबकाने घोडा चार पावले जोरात जातो, लगामाने तो वाटेवर राहतो. पण मुक्काम गाठावयाचा तर त्याला रात्री ठाणावर बांधून दाणावैरण द्यावी लागते, हे ज्याच्या घरी घोडा नाही त्यालाही कळते. म्हणून परीक्षेला बसलेल्या मुलाच्या खोलीत रात्री अकरानंतरही दिवा दिसला, तर त्याच्या आईने चहाचे आधण ठेवू नये. त्याच्या पाठीवर हात ठेवून दिवा मालवावा. सकाळी तो उठेल तेव्हा चहा आहेच!